जिवंत ट्रामचे श्राद्ध

कलकत्त्यास बदलून आलेल्या मराठी माणसाने वर्ष-दोन वर्षांत एखादा ललितलेख लिहावा आणि त्यात ट्रामची घंटा वाजावी, असा जणू प्रघातच पडून गेला आहे. या मासिकाच्या वाचकांस अशा लेखांची ओळख करून देण्याचे कारण नाही. पहाटेचे मैदान, त्यावर उतरलेले धुके, धुक्यातून हलकेच पुढे येणारा ट्रामचा दिवा, लाकडी बाक, खांद्याला चामडी पिशवी अडकविलेला कंडक्टर, आणि शेवटच्या परिच्छेदात मुंबईच्या गेलेल्या ट्रामची आठवण. लेख संपतो, वाचकाचे डोळे पाणावतात, आणि लेखक मेट्रोने घरी जातो.

एका हिवाळ्यात येथील मराठी मंडळींच्या घरगुती बैठकीत असाच एक लेख वाचला गेला. वाचन उत्तम झाले. चहाच्या वेळी एका ज्येष्ठ स्नेह्यांनी सर्वांच्याच मनातले बोलून दाखविले : "वाईट वाटते खरे, पण काळापुढे कोणाचे काय चालणार? ट्राम आता वारसा म्हणूनच शोभायची." सर्वांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. वयाने आणि हुद्द्याने वडील असलेल्या माणसांसमोर कारकुनाची मान ज्या दिशेने हलावयाची त्याच दिशेने ती हलली. घरी आल्यावर मात्र त्या मानेची मला लाज वाटली, आणि त्या लाजेपोटी हा लेख लिहीत आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. ट्राम काळाने नेली, हे खरे नव्हे. भारतात ती जेथे जेथे बंद पडली तेथे तेथे ती माणसांनी बंद केली. जमाखर्चाच्या वहीत आणि टिपणीच्या कागदावर केली. आणि आपण तिच्यावर जे गोड, हळवे लिहितो ते त्या टिपणीखालचा 'सहमत' हा शेरा ठरते.

प्रथम 'काळ' या आरोपीचीच तपासणी करू. काळाने ट्राम नेली असती, तर सर्व शहरांतील ट्रामगाड्या साधारण एका वयाला पोहोचून, एकाच दुखण्याने गेल्या असत्या. वस्तुस्थिती काय आहे? पाटण्याची घोड्यांची ट्राम १८८६ साली सुरू झाली आणि १९०३ साली बंद झाली. वय वर्षे सतरा. कानपूरची विजेची ट्राम १९०७ साली सुरू झाली. रेल्वे स्थानकापासून गंगेवरील सरसैया घाटापर्यंत जेमतेम चार मैलांचा तिचा मार्ग. ती १९३३ च्या मे महिन्यात थांबली. वय वर्षे सव्वीस. आपल्या नाशिकची ट्राम १८८९ ची. रेल्वेचे स्थानक गावापासून काही मैल दूर राहिले होते, म्हणून ती मेन रोडवरील नगरपालिकेच्या जुन्या इमारतीपासून नाशिक रोडपर्यंत जात असे. पुढे बार्शी लाइट रेल्वेमुळे नावाजलेले एव्हरार्ड कॅलथ्रॉप हे तिचे सल्लागार अभियंता होते. चार घोडे जुंपलेली ती ट्राम दुष्काळ, प्लेग आणि तोटा सोशीत चाळीसेक वर्षे जगली.

मद्रासला ७ मे १८९५ रोजी विजेची ट्राम धावली. कलकत्त्याच्या विजेच्या ट्रामला आशियातील पहिली म्हणून मिरविणारे उत्साही लेखक मद्रासचे हे वर्ष नेमके विसरतात. कलकत्त्याचा खरा मान निराळा आहे : पहिली ती नव्हे, परंतु आशियात टिकून राहिलेल्या विजेच्या ट्राममार्गांत सर्वांत जुनी तीच. मद्रासची कंपनी बुडाली आणि १२ एप्रिल १९५३ रोजी तेथील ट्राम थांबली. दिल्लीची १९०८ ते १९६३ अशी पंचावन्न वर्षे चालली. जामा मशीद, चावडी बाजार, चांदनी चौक, फतेहपुरी, सदर बाजार, सब्जी मंडी, तीस हजारी, अशी जुन्या दिल्लीची गर्दी ती आपल्या उघड्या डब्यांतून वाहत असे. आणि मुंबईची? ९ मे १८७४ रोजी घोड्यांवर निघालेली, ७ मे १९०७ पासून विजेवर धावू लागलेली, १९२० साली दुमजली झालेली मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची गेली.

सतरा, सव्वीस, चाळीस, अठ्ठावन्न, पंचावन्न, नव्वद. या वयांत काळाचा हात कोणता दिसतो? मला दिसतो तो त्या शेवटच्या तारखेत. ३१ मार्च! सरकारी नोकरीत केस पिकविलेल्या वाचकाला या तारखेचा अर्थ मी काय सांगावा? त्या दिवशी कोणत्याही युगाचा अंत होत नाही. त्या दिवशी आर्थिक वर्ष संपते. मुंबईची ट्राम युगाच्या नव्हे, जमाखर्चाच्या शेवटच्या दिवशी गेली.

आता त्या जमाखर्चाकडेच वळू, कारण 'ट्राम तोट्यात होती' हे विधान ब्रह्मवाक्यासारखे उच्चारले जाते. तोटा हा निसर्गाचा चमत्कार नव्हे. कोणता खर्च कोणाच्या नावे टाकावयाचा हे ठरविल्यावर जे उरते ते तोटा किंवा नफा. ब्रिटनच्या १८७० च्या ट्रामवे कायद्याने रुळांमधला रस्ता आणि रुळांबाहेरचा १८ इंच रुंदीचा पट्टा दुरुस्त ठेवण्याचा बोजा ट्राम चालविणाऱ्यावर टाकला होता. तेव्हा त्यात न्याय होता, कारण घोड्यांच्या टापांनी रस्ता झिजत असे. पुढे घोडे गेले, वीज आली. टापा गेल्या, बोजा राहिला. आपल्याकडील ट्राम याच वळणाची. रूळ तिने घालावे, तारा तिने ओढाव्या, खांब तिने उभारावे. आणि बस? तिने करदात्याच्या पैशाने बांधलेल्या तयार रस्त्यावर यावे आणि जावे. खाजगी मोटारीने तर त्या रस्त्यावर दिवसभर उभेही राहावे. एकाच्या खर्चात रस्ता धरावयाचा, दुसऱ्याच्या खर्चात तो धरावयाचा नाही, आणि मग दोघांचे ताळेबंद शेजारी ठेवून पहिला तोट्यात आहे असा निष्कर्ष काढावयाचा. माझ्या हाताखालच्या नवशिक्या मुलाने अशी टिपणी आणली असती तर मी ती परत केली असती. शहरांनी मात्र ती मंजूर केली.

शिवाय तोटा हाच जर मृत्यूचा दाखला मानावयाचा, तर कलकत्त्याची ट्राम कधीच संपावयास हवी होती. सियालदह ते आर्मेनियन घाट हा तिचा पहिला मार्ग २४ फेब्रुवारी १८७३ रोजी सुरू झाला आणि उतारू मिळत नाहीत म्हणून त्याच वर्षी २० नोव्हेंबरला बंद पडला. नऊ महिनेही पुरते भरले नाहीत! पण १८८० साली लंडनमध्ये नोंदलेली नवी कंपनी आली, रूळ पुन्हा पडले, आणि शतक संपता संपता तिच्यापाशी सुमारे हजार घोडे होते. २७ मार्च १९०२ रोजी एस्प्लनेडहून खिदिरपूरला विजेची ट्राम गेली. १८७३ च्या हिशेबनिसाचे ऐकून शहर स्वस्थ बसले असते, तर ज्या ट्रामवर आपण लेख लिहितो ती जन्मलीच नसती.

दुसरा आरोप गर्दीचा. ट्राम रस्ता अडविते. २०२४ च्या सप्टेंबरात पश्चिम बंगालच्या परिवहनमंत्र्यांनी मैदान ते एस्प्लनेड हा तुकडा वारसा म्हणून ठेवून बाकीची ट्राम बंद करण्याचा विचार जाहीर केला, तेव्हा हेच कारण पुढे केले : कलकत्त्याच्या क्षेत्रफळापैकी केवळ ६ टक्के जागा रस्त्यांची, त्यात ट्रामला वाव कोठून द्यावा? प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयासमोर होतेच. त्याविषयी मला येथे काही म्हणावयाचे नाही. परंतु या युक्तिवादातील तर्क उलटा आहे, एवढे म्हणण्यास कोणाची परवानगी लागू नये. धान्य थोडे असेल तर ते कोणाला आधी वाढावे? ज्याच्या एका ताटात अनेक जेवतात त्याला, की ज्याला एकट्याला आख्खे ताट लागते त्याला? दोन डब्यांच्या ट्राममध्ये जितकी माणसे मावतात तितकी माणसे मोटारीत बसवावयाची तर मोटारींची रांग या चौकापासून त्या चौकापर्यंत जाईल. रस्ता ६ टक्के आहे, हे ट्राम ठेवण्याचे कारण आहे. ती काढण्याचे नव्हे.

आणि ट्राम रस्ता अडविते, की रस्ता ट्रामला अडवितो? कलकत्त्याच्या अनेक हमरस्त्यांवर ट्रामची वाट पूर्वी वेगळी, मध्यभागी उंचावलेली, काही ठिकाणी हिरवळीची होती. २००० नंतरच्या दशकात रुळांभोवती काँक्रीट घालून ती वाट मोटारींना मोकळी करून देण्यात आली. ट्राम ज्या वेगाने चालत असे तो तिच्या स्वतंत्र वाटेचा वेग होता. वाट गेली, वेग गेला. उतारूला भर रस्त्यात, धावत्या वाहनांच्या मधून ट्राम गाठण्याची वेळ आली, म्हणून उतारू घटले. मग अधिकाऱ्यांनी मोजदाद केली आणि निर्णय दिला की ट्राम मंद आहे व तिला उतारू नाहीत. आधी पाय बांधावयाचे, मग शर्यत लावावयाची, आणि शेवटी हरला म्हणून पट्ट्यातून नाव काढावयाचे, अशातला हा प्रकार झाला.

हावड्याच्या पुलाची गोष्ट तर कोणाही कलकत्तेकराला ठाऊक असावी. १९४३ साली तो नवा पूल खुला झाला तेव्हा त्यावरून पहिली गेली ती एकटी ट्राम. पुलावरचे पहिले पाऊल जिचे, तिलाच १९९३ साली पुलावरून उतरविण्यात आले. हावड्याच्या बाजूचे मार्ग तर १९७१ पर्यंतच मिटले होते.

याच शहराने १९५३ च्या जुलैत दुसऱ्या वर्गाच्या भाड्यात एका पैशाची वाढ झाली म्हणून कंपनीला आणि सरकारला जेरीस आणले होते, हे आज सांगून खरे वाटत नाही. मोर्चे निघाले, लाठ्या चालल्या, अटका झाल्या, आणि ती वाढ स्थगित करावी लागली. त्या आंदोलनाच्या सर्व बाजूंचे समर्थन मी करीत नाही. मला एवढेच दिसते की त्या वेळी लोकांनी ट्रामला वाहन मानले होते. वाहनासाठी माणूस भांडतो, कारण त्याला उद्या सकाळी कामावर जावयाचे असते. पुढे १९६७ साली राज्य सरकारने व्यवस्थापन हाती घेतले, १९७६ साली ट्राम पूर्णपणे सरकारी झाली. आणि परक्या कंपनीशी पैशापैशासाठी झगडलेले शहर ट्राम स्वतःची झाल्यावर तिच्याविषयी हळवे तेवढे झाले.

येथे केंद्र सरकारचा नोकर म्हणून एक गोष्ट नोंदवितो. आपल्या राज्यघटनेच्या ३६६ व्या अनुच्छेदात 'रेल्वे' या शब्दाची व्याख्या आहे, आणि संपूर्णपणे नगरपालिका-क्षेत्रात असलेली ट्राम म्हणजे रेल्वे नव्हे, असे तीत स्वच्छ म्हटले आहे. सातव्या अनुसूचीत ती राज्यसूचीच्या तेराव्या नोंदीत, रस्ते, पूल आणि होड्या यांच्या पंक्तीला बसते. त्यामागे घटनाकारांचा विवेक होता यात शंका नाही. पण परिणाम असा झाला की दिल्लीच्या एकाही मंत्रालयात ट्रामची फाइल नाही. मेट्रोला केंद्राचा कायदा आहे, धोरण आहे, पैसा आहे. ट्रामला नगरपालिका आणि दरिद्री राज्य. २०१७ च्या मेट्रो-धोरणात, मेट्रो मागणाऱ्या शहराने आधी बस, हलकी रेल्वे, ट्राम इत्यादी पर्याय तपासून पाहावेत, असे कलम आहे. कलम उत्तम आहे. परंतु ज्या देशात एका शहराखेरीज ट्राम चालविण्याचे ज्ञानच कोणापाशी उरले नाही, त्या देशात हा पर्याय कोण तपासणार? सत्यनारायणाच्या पूजेत अमुक द्रव्य नसेल तर त्याऐवजी अक्षता वाहतात, तसा ट्रामचा पर्याय अक्षतांनी आटोपला जातो.

आणि शहरे पुन्हा रुळांकडेच वळली, हा या साऱ्यातील मर्मभेदक भाग आहे. कलकत्त्यात १९८४ साली मेट्रो सुरू झाली. २००२ च्या डिसेंबरात दिल्लीची पहिली मेट्रो धावली ती शाहदरा ते तीस हजारी. एकोणचाळीस वर्षांपूर्वी जेथून ट्रामचे रूळ उखडले त्याच तीस हजारीत रूळ परत आले, फक्त उंच खांबांवर आणि किती तरी पट खर्चाने. मुंबईत २०१४, मद्रासचे चेन्नई झाल्यावर २०१५, कानपुरात २०२१. नाशिकसाठी तर २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 'मेट्रो निओ'करिता २,०९२ कोटी रुपये जाहीर झाले. कॅलथ्रॉपच्या ट्रामला तोटा सोसवला नाही म्हणून मोडणाऱ्या गावाचा हा उत्तरार्ध. मी मेट्रोच्या विरुद्ध नाही. लांबच्या प्रवासाला तिच्यासारखी सोय नाही. पण घरापासून मंडईपर्यंत, शाळेपासून इस्पितळापर्यंत जावयाचे तर जमिनीखाली चार जिने उतरून पुन्हा चढणे म्हाताऱ्याला शक्य नसते. तो पल्ला ट्रामचा होता. पॅरिसने १९३८ साली ट्राम मोडली आणि १९९२ साली परत आणली. लंडनने १९५२ साली मोडली, आणि २००० साली क्रॉयडनला ती पुन्हा सुरू झाली. त्यांचे मोडणे आपण तत्परतेने उचलले. त्यांचे परत आणणे आपल्या कानी गेले नाही.

ट्रामचे दोष मला ठाऊक नाहीत असे नव्हे. एक गाडी बिघडली की मागच्या साऱ्या तिष्ठत राहतात. तार तुटली की मार्ग ठप्प होतो. अरुंद बोळांतून तिचा हट्ट धरणे वेडेपणाचे आहे. ट्रामखाली माणसेही गेली आहेत. बंगालचे थोर कवी जीवनानंद दास १९५४ च्या ऑक्टोबरात ट्रामच्याच धडकेने गेले. जो दोष आहे तो मान्य करावा, दुरुस्त करावा, आणि जेथे ती नको तेथे नको म्हणावे. परंतु दोषांची चर्चा वाहनाची होते. वारशाची होत नाही. आणि म्हणूनच 'वारसा' हा शब्द ऐकला की मला धडकी भरते.

वारसा म्हणजे काय? एका तुकड्यावर, सुटीच्या दिवशी, रंगविलेल्या डब्यातून पाहुण्यांना फिरवून आणणे. ज्या ट्रामने कोणी कामावर जात नाही ती ट्राम नव्हे, ते तिचे चित्र. त्या चित्राला हार घालण्यासाठी आपण साहित्यिक मंडळी फार उपयोगी पडतो. आपण इतके सुंदर रडतो की सोडवणूक करावयाची राहून गेली हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

माझे आजोबा परळच्या एका गिरणीत होते आणि मुंबईची ट्राम त्यांनी अनेक वर्षे वापरली. मी मोठ्या अपेक्षेने त्यांना ट्रामच्या आठवणी विचारीत असे. सुरुवातीला तीन आणे असलेले कुलाबा-पायधुणीचे भाडे पुढे एका आण्यापर्यंत उतरले होते, असे मी कोठेसे वाचलेले त्यांना सांगे. ते एकदाही हळवे झाले नाहीत. "बसला पैसे जास्त पडायचे, म्हणून मग चालत जायचो," एवढेच म्हणत. ट्राम जाण्याचा अर्थ त्यांच्या लेखी पायांत होता. घंटा आठवून गहिवरणारे पुढे पुष्कळ भेटले. ते बहुधा मोटारवाले होते.

आता माझी कबुली. या शहरात आल्यावर मी ज्या ट्रामने कार्यालयात जात असे तो मार्ग एके दिवशी तात्पुरता म्हणून थांबला आणि तात्पुरताच राहिला. थांब्यावर एक म्हातारी भाजीवाली टोपली घेऊन रोज चढत असे. तिला मी त्यानंतर पाहिले नाही. मी काय केले? दोन दिवस हळहळलो, तिसऱ्या दिवशी मेट्रोचे कार्ड काढले. ज्याचे आयुष्य दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे मारण्यात चालले आहे त्या मला, स्वतःचा एक अर्ज लिहिणे सुचले नाही. उलट त्याच महिन्यात ट्रामवर एक ललितलेख मात्र लिहावयास घेतला होता. सुदैवाने तो अपुरा राहिला.

तेव्हा बैठकीतील त्या ज्येष्ठ स्नेह्यांना आणि आपणां सर्वांना माझी विनंती आहे. आपण येथे परके असू, बदलीचा हुकूम येईल तेव्हा जाऊ. पण आपल्यापैकी कोणी नगररचनेच्या टेबलावर आहे, कोणी हिशेब तपासतो, कोणी वाहतुकीच्या बैठकीचे इतिवृत्त लिहितो. त्या कागदांवर ट्रामचे नाव आले तर रस्त्याचा खर्च सर्वांच्या नावे सारखा धरला आहे की नाही, एवढे विचारावे. मोटारी मोजल्या असतील तर माणसे किती मोजली, असा प्रश्न समासात लिहावा. जो मार्ग चालू असेल त्या मार्गाने आठवड्यातून दोनदा तिकीट काढून कामावर जावे, म्हणजे मोजदादीत दोन उतारू वाढतील. आणि मार्ग 'तात्पुरता' थांबला तर तो केव्हा सुरू होणार, हे विचारणारा अर्ज करावा. नमुना हवा असल्यास माझ्यापाशी आहे. माझा अर्ज उशिरा का होईना, गेला आहे. पोचपावती अद्याप यावयाची आहे.